तानपुरा पुसू नका: जुन्या कॅसेटी संगणकावर घेताना या चुका टाळा

दिवाळीची आवराआवर निघाली की माळ्यावरची कॅसेटींची पेटी खाली येते आणि घरातलं कुणीतरी ठरवतं, शनिवार-रविवारात हे सगळं कॉम्प्युटरवर टाकून मोकळं होऊ. तसं होत नाही. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीला नव्वद मिनिटं लागतातच, वर नावं घालायला आणि तपासायला निदान अर्धा तास. घाई करणाऱ्यांच्या हातून काय काय बिघडतं ते सतत बघत आलोय, म्हणून हे लिहितोय. विकत मिळालेली कॅसेट गेली तरी तिचं गाणं दुसरीकडे कुठेतरी सापडेल. दिवाणखान्यातल्या बैठकीचं, गणेशोत्सवातल्या गाण्याचं, आजीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग मात्र जगात एकच असतं.

खरखर काढताना गाणं काढून टाकणं

ही चूक सगळ्यात घातक. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये आवाजातली खरखर कमी करण्याची सोय आहे. निव्वळ खरखर असलेला तुकडा आधी निवडून दाखवायचा, त्यावरून प्रोग्रॅम तिचा नमुना घेतो आणि मग पूर्ण रेकॉर्डिंगमधून तशा प्रकारचा आवाज दाबतो. सिनेमाच्या गाण्याला याने फारसा धोका नसतो. आपल्या शास्त्रीय गाण्यात मात्र पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत अखंड चालणारी एक गोष्ट असते, ती म्हणजे तानपुरा. गाणं सुरू होण्याआधीचे आठ-दहा सेकंद ‘रिकामे’ समजून नमुना म्हणून दिले, की प्रोग्रॅमच्या लेखी तानपुराच खरखर ठरतो.

एका ओळखीच्या घरात नेमकं हेच झालं. आजोबांनी त्यांच्या वाड्यातल्या बैठका स्वतः टेप केल्या होत्या, खोकंभर कॅसेटी होत्या. नातवाने सुट्टीत सगळ्या संगणकावर घेतल्या, प्रत्येकीचे सुरुवातीचे काही सेकंद नमुना म्हणून दिले, खरखर कमी करण्याचा आकडा जाईल तेवढा वर नेला, त्याच फाइलीवर सेव्ह केलं, एमपी-थ्री बनवल्या आणि कॅसेटी भंगारात दिल्या. माझ्याकडे पेनड्राइव्ह आला तो ‘आवाज जरा विचित्र वाटतोय, बघता का’ म्हणून. तानपुरा औषधालाही उरला नव्हता. पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, आवाज पातळ झाला होता आणि मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) संपता संपता सूर पाण्याखाली गेल्यासारखा गुळगुळ करत होता. षड्जाचा आधारच नाहीसा झाल्यामुळे गायक अधांतरी गात असल्यासारखा वाटत होता. जे गेलं ते परत आणण्याचा कुठलाही मार्ग नाही.

त्यातली एकच कॅसेट वाचली, कारण ती आत्याच्या घरी राहून गेली होती. ती आम्ही नीट उतरवून घेतली. टेपचा सूंऽऽ असा आवाज आहे, मधे तबलजी हातोडीने तबला मिळवतोय, आणि मागून आजोबा विचारतात, ‘बुवा, चहा आत्ता की बंदिशीनंतर?’ नातवाने उतरवून घेतलेल्या फाइलींमध्ये असे तुकडेही कापून टाकलेले होते, ‘गाणं नाही’ म्हणून. रागाचं नाव, साथीदारांची नावं, कुणाची फर्माइश होती, हे सगळं अशाच बोलण्यात सापडतं. 1902 साली कलकत्त्यात गायिका गौहर जानने ग्रामोफोन कंपनीसाठी गायल्यावर तबकडीच्या शेवटी स्वतःचं नाव पुकारलं होतं. असं पुकारणं कचरा म्हणून कापलं की पुढच्या माणसाला गायिका कोण ते कळायचा रस्ताच बंद.

माझी पद्धत सांगतो. कॅसेटीतून आलेली पहिली फाइल डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅक या आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या प्रकारात ‘मूळ’ नावाच्या फोल्डरात जाते आणि तिला परत हात लागत नाही. साफसफाई करायचीच तर तिच्या प्रतीवर. नमुना घ्यायचा तो रेकॉर्डिंगचं बटण दाबल्यापासून तानपुरा छेडेपर्यंतच्या तेवढ्याशा फटीतून. टेपच्या अगदी सुरुवातीची पारदर्शक पट्टी उपयोगाची नाही, तिच्यावर चुंबकीय लेपच नसतो. खरखर कमी करण्याचा आकडा मी 6 डेसिबलच्या वर नेत नाही. लागू करण्याआधी ‘रेसिड्यू’ हा पर्याय निवडून काय काढलं जाणार आहे ते ऐकतो. त्यात सूर ऐकू आला, तर साफसफाई रद्द. खरं विचाराल तर बहुतेक वेळा मी खरखर तशीच ठेवतो. पाच मिनिटांत कान ती विसरतो.

चुकीच्या भोकात वायर

लॅपटॉपला असलेलं एकुलतं भोक बहुधा हेडफोन आणि माइकचं एकत्र असतं, आणि त्यातली माइकची बाजू मोनो. कॅसेट डेकचा आवाज तिथे दिला की दोन्ही चॅनेलचं भजं होतं. लाइन-इन, म्हणजे डेकचा स्टिरिओ आवाज आत घेणारं भोक, असलेलं साधं यूएसबी साउंडकार्ड घ्या. कॅसेट घालून थेट यूएसबीला जोडायचे ते हलके प्लास्टिकचे प्लेअर मला पसंत नाहीत, त्यांची मोटर एका वेगाने चालत नाही. त्यापेक्षा कुणाचा तरी जुना चांगला डेक मागून आणा, हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. कॅसेट लावण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा. विंडोजमधली आवाज ‘सुधारणारी’ सगळी बटणं बंद करा, सूचनांचे आवाजही. नाहीतर मारव्याच्या आलापात ईमेल आल्याचं ‘टिंग’ कायमचं बसतं.

पातळी आलापावर ठरवणं

नवशिके कॅसेट लावतात, आलाप हळू ऐकू येतो म्हणून पातळी चढवतात आणि निर्धास्त उठून जातात. अर्ध्या तासाने द्रुत सुरू होतं, तिहाई समेवर येते, टाळ्या पडतात आणि मीटर लाल. शून्य डेसिबलला कापल्या गेलेल्या लहरी परत येत नाहीत. बाजू शेवटाकडे न्या, तराणा किंवा (सतार-सरोद असेल तर) ‘झाला’ हा शेवटचा जलद भाग वाजवून बघा, सगळ्यात मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या आसपास राहील असं ठेवा, मग मागे फिरवून सुरुवात करा. 24 बिट, 48 किलोहर्ट्झला स्टिरिओ तासाची डब्ल्यूएव्ही सुमारे 1 जीबी होते. आजच्या हार्ड डिस्कला ते काहीच नाही, त्यामुळे जागेसाठी थेट एमपी-थ्रीत रेकॉर्ड करण्याचं कारण उरत नाही.

पट्टी न तपासणं

रेकॉर्डिंगच्या वेळी टेपरेकॉर्डरचे सेल उतरलेले असतील तर टेप हळू फिरलेली असते, आणि आज ती योग्य वेगाने वाजवली की गाणं चढ्या पट्टीत आणि भरभर ऐकू येतं. वेगात सुमारे 6 टक्के फरक म्हणजे पूर्ण अर्धा स्वर. काळी एकमध्ये गाणारे बुवा पेटीवरच्या तिच्या पुढच्याच पट्टीत, पांढरी दोनमध्ये, गाताना दिसले की शंका घ्या. त्या बैठकीतली पेटी अजून घरात असेल तर तिच्याशी ताडून बघा, याहून चांगला पुरावा नाही. दुरुस्ती करताना वेग आणि पट्टी दोन्ही एकत्र बदला. नुसती पट्टी उतरवली तर लय चुकीचीच राहते. सेल हळूहळू उतरत गेले असतील तर बाजूच्या शेवटी फरक वाढलेला असतो, म्हणून दोन्ही टोकं तपासा.

एका गायकाचे पाच गायक

‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’, ‘पंडित भीमसेन जोशी’, आणि रोमन लिपीतले आणखी दोन प्रकार. प्लेअरसाठी ही पाच वेगळी माणसं आहेत. मी टॅगमधून, म्हणजे फाइलीतच साठवलेल्या नाव-माहितीच्या रकान्यांतून, पंडित, उस्ताद, बुवा काढतो आणि नाव देवनागरीत एकाच पद्धतीने लिहितो. यात अनादर नाही, शोधल्यावर सगळं गाणं एका जागी मिळावं एवढाच हेतू. एकच कीबोर्ड वापरा, कारण ‘ऱ्या’मधला तो र दोन-तीन प्रकारे टाइप होतो, डोळ्यांना सारखा दिसतो आणि शोधात मात्र सापडत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लिहिलेली नावं दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हं होतात.

‘आर्टिस्ट’ आणि ‘अल्बम आर्टिस्ट’ हे दोन वेगळे रकाने आहेत. दुसरा रिकामा सोडला की अनेक गायकांच्या नाट्यपदांचा एक अल्बम दहा तुकड्यांत विखुरतो. नाट्यसंगीताला तर एवढ्यानेही भागत नाही. ‘मानापमान’ 1911चं, पदं खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि पुढे तीच पदं कितीतरी जणांनी गायली. गायक, कवी, संगीतकार आणि नाटक या सगळ्यांना जागा हवी. फ्लॅकमध्ये हवा तो रकाना तयार करता येतो आणि एमपी-थ्री-टॅगसारख्या प्रोग्रॅममध्ये तो भरता येतो. मी ‘राग’ आणि ‘ताल’ असे दोन रकाने ठेवले आहेत, संध्याकाळी पूरिया काढून ऐकावासा वाटला की लगेच मिळतो. इंटरनेटवरून आपोआप नावं भरणारी सोय हिंदुस्थानी संगीतात फार चुकते, तिच्यावर भरवसा ठेवू नका.

आणखी थोडक्यात. 128 केबीपीएसची एमपी-थ्री 320मध्ये बदलली तर फाइल फुगते, आवाज सुधारत नाही. फाइलींना 1, 2, 10 नव्हे, तर 01, 02, 10 असे आकडे द्या. सगळ्या फाइलींचा आवाज सारखा करण्यासाठी मूळ आवाज बदलू नका, रिप्लेगेन (आवाज किती कमी-जास्त करून वाजवायचा ते प्लेअरला सांगणारा टॅग) वापरा, आणि तोही अल्बमचा, म्हणजे आलाप हळूच राहील. एकाच हार्ड डिस्कवर ठेवलेला संग्रह सुरक्षित नसतो. दुसरी प्रत दुसऱ्या घरात ठेवा आणि वर्षातून एकदा उघडून बघा. कॅसेटीच्या खिडकीतून टेपच्या कडांवर पांढरी बुरशी दिसत असेल तर ती डेकमध्ये घालूच नका, ती हेडला लागते आणि पुढच्या सगळ्या कॅसेटींना चिकटते. कोकणातून आलेल्या पेट्या याच कारणासाठी मी आधी उजेडात तपासतो.

उतरवून झालेली कॅसेट एका बाजूला पूर्ण गुंडाळून, स्पीकरपासून लांब, उभी ठेवायची. आतल्या कार्डावर पेन्सिलीने एक क्रमांक लिहायचा, तोच क्रमांक फोल्डरच्या नावाच्या सुरुवातीला, आणि कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो त्याच फोल्डरात. कार्डावर कुणाच्या तरी अक्षरात तारीख असते, कधी चुकीचं रागनामही असतं. तेही खोडायचं नाही, बरोबर नाव टॅगमध्ये लिहायचं.