शंभर किलोंचा भोपळा परसात कसा वाढवावा

फळ धरायच्या आधी वेलीवर किती पानं आली आणि जमिनीत किती मुळं उतरली, यावर भोपळ्याचं वजन ठरतं. पुढची सगळी खटपट त्यासाठीच.

बी नेहमीच्या तांबड्या भोपळ्याचं चालत नाही. स्पर्धांतले महाकाय भोपळे ‘अटलांटिक जायंट’ या वाणाचे असतात. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या हॉवर्ड डिल यांनी वर्षानुवर्षं निवड करून तो तयार केला. याच वाणाचा भोपळा २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे इथे १२४७ किलो भरला. साध्या पाकिटातल्या बियाण्यातून नवख्याला शंभर किलो मिळाले तरी उत्तम.

लांब दिवस आणि गार रात्री या वेलीला मानवतात. म्हणून खालचं वेळापत्रक इंग्लंड, कॅनडा आणि अमेरिकेचा उत्तर भाग इथलं आहे. महाराष्ट्रात पावसाळ्यात भुरी (पानांवरचा पांढरा बुरशीरोग) आणि फळमाशी पिच्छा पुरवतात, तर हिवाळ्यात दिवसच तोकडा पडतो.

१. जमीन. एका वेलीला किमान ३० चौरस मीटर उन्हाची जागा लागते. आदल्या शरद ऋतूतच कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट ८–१० सेंटीमीटर जाडीनं पसरून फूटभर खोल मिसळावं. ताजं शेण नको. मातीचा सामू (पीएच) ६.५ ते ७ असावा.

२. पेरणी. एप्रिलच्या शेवटी. बियांचं कवच जाड असतं, म्हणून कडा नखं घासायच्या कानशीनं हलक्या घासाव्यात, टोकाकडची बाजू सोडून. १५ सेंटीमीटरच्या कुंडीत टोक खाली करून बी लावावं आणि माती २७ ते ३० अंश उबदार ठेवावी. आठवड्याभरात कोंब येतो. सुरुवातीच्या दोन बीजदलांनंतरचं पहिलं खरं पान उघडलं की मुळं कुंडीत गोल फिरायच्या आत, मातीचा गोळा न फोडता रोप बाहेर लावावं. मुख्य वेल बहुधा पहिल्या खऱ्या पानाच्या विरुद्ध दिशेला धावते. तिकडे मोकळी जागा येईल असं रोप फिरवून लावा. हिमकणांची भीती जाईपर्यंत वर प्लॅस्टिकचं छोटं खोपटं हवंच.

३. वेलीला वळण. मुख्य वेल सरळ जाऊ द्यावी. तिच्या दोन्ही बाजूंच्या फांद्या काटकोनात वळवून ३–४ मीटरवर शेंडा खुडावा. फांद्यांना फुटणारे उपफुटवे मात्र लगेच काढावेत. प्रत्येक पेरावर, म्हणजे पान फुटतं त्या गाठीवर, ५–८ सेंटीमीटर माती चढवली की तिथेही मुळं फुटतात. कंटाळवाणं काम, पण सर्वांत जास्त वजन इथेच मिळतं.

४. परागीकरण. जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला मुख्य वेलीवर बुडापासून ३–४ मीटरवर येणारं मादी फूल धरावं. पाकळ्यांखाली इवलासा भोपळा दिसतो, तीच मादी. उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी ते आणि दोन-तीन नर फुलं दोऱ्यानं हलकी बांधावीत, म्हणजे मधमाशी आधी पोचत नाही. सकाळी लवकर नराच्या पाकळ्या काढून पराग मादी फुलाच्या मधोमध असलेल्या बोंडाच्या प्रत्येक पाळीवर घासावा. पारा ३२ अंशांपुढे गेला की फळ गळतं; अशा दिवशी फुलावर सावली धरावी. दोन-तीन फळं धरून पंधरवड्यानंतर सर्वांत जोमानं फुगणारं एकच ठेवावं. बाकीची तोडताना हात थरथरतो, पण तोडावीच लागतात.

५. फळाची जागा. फळ लिंबाएवढं असतानाच ते वेलीशी काटकोनात येईल असं रोज थोडं थोडं वळवावं. फळ उंच होताना वेलीला वर उचलतं. शेजारच्या पेरांची मुळं तिला खाली धरून ठेवत असतील तर देठ फाटतो. म्हणून फळाच्या दोन्ही बाजूंची दोन-तीन पेरं मातीत न गाडता मोकळी ठेवावीत. खाली वाळूचा थर द्यावा. वर पांढऱ्या कापडाची सावली असावी, कारण उन्हानं साल लवकर कडक होते आणि मग फळ फुगायचं थांबतं.

६. पाणी आणि खत. ठिबकनं, सकाळी, रोज साधारण सारखंच पाणी द्यावं. माती कोरडी पडू देऊन एकदम भिजवली, किंवा कोरड्यानंतर मोठा पाऊस झाला, की आतला गर सालीपेक्षा वेगानं वाढतो आणि भोपळा तडकतो. चीर आतल्या पोकळीपर्यंत गेली की त्या वर्षीची स्पर्धा संपली. सुरुवातीला नत्र (नायट्रोजन) चालतं. फळ धरल्यावर ते कमी करून पालाश (पोटॅश) वाढवावं. ऑगस्टमध्ये नत्राचा मारा केला तर वेल पानांच्या मागे लागते. पानांवर पांढरी भुरी दिसताच गंधकयुक्त बुरशीनाशक फवारावं, पण कडक उन्हात नको, पानं करपतात.

काढणी. दर आठवड्याला घेर मोजावा. वाढ थांबली किंवा हिमकण पडायची वेळ आली की देठाच्या दोन्ही बाजूंना वेलीचा तुकडा ठेवून कापावं. देठाला धरून उचलू नये. जाड ताडपत्रीवर सरकवून चौघांनी न्यावं.

याचे घारगे करायच्या भानगडीत पडू नका, गर पाणचट आणि धाग्याधाग्यांचा असतो. बिया मात्र धुऊन, सावलीत वाळवून पाकिटात ठेवा आणि त्यावर फळाचं वजन, वर्ष आणि पराग कुठल्या वेलीचा होता ते लिहा. फूल बांधलं होतं, त्यामुळे बाप कोण हे ठाऊक असतं.