युनियनबद्दल सहकाऱ्यांशी बोलताय? मग या चुका टाळा

कोल्हापुरातली शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो नाहीतर कागलची फाईव्ह स्टार एमआयडीसी, युनियन करायची म्हटली की कुणीतरी जोशात पहिल्याच दिवशी व्हॉट्सअॅप ग्रुप काढतं, दुपारपर्यंत त्यात निम्मी कंपनी ॲड होते आणि रात्रपाळी लागायच्या आत स्क्रीनशॉट ऑफिसात पोचलेला असतो. मग ग्रुप काढणाऱ्याची शिफ्ट बदलते, त्याला दुसऱ्या खात्यात टाकतात आणि बाकीचे गप्प. ग्रुप वाईट नाही, पण तो सगळ्यात शेवटी काढायचा असतो. आधी एकेका माणसाशी समोरासमोर बोलायचं, बाकी काही नाही.

आणि बोलायचं म्हणजे भाषण द्यायचं नाही. ही चूक तर मी जवळपास प्रत्येक ठिकाणी बघितलीय, आपण युनियनचे फायदे सांगत सुटतो आणि समोरचा मान हलवत घड्याळ बघत असतो. त्यापेक्षा विचारा की, ओव्हरटाईम डबलनं धरतात का रे तुझा? पगाराची स्लिप हातात येते का? भट्टीजवळचा फॅन बंद पडलाय ते कुणाला सांगितलंस, पुढं काय झालं? एवढं विचारून गप्प बसा, खरंच गप्प बसा. तुम्हाला वाटत असतं सगळ्यांचं दुखणं पगारवाढ आहे, पण कोअर शॉपमधल्या, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करतात त्या खात्यातल्या, बाईचं दुखणं बाथरूमचं असतं, कुणाचं पीएफ भरला नाही हे असतं, कुणाला वडील ॲडमिट असताना रजा दिली नाही ते अजून सलत असतं. त्याचं जे दुखणं आहे तिथनंच त्याच्याशी बोलणं पुढं जातं, आपल्या मुद्द्यावरनं नाही.

"हो हो, मी आहे की" म्हणतो आणि येत नाही

आपल्याकडं तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही, त्यामुळं नुसत्या होकारावर माणसं मोजू नका. होकार मिळाला की लगेच एक छोटं काम द्या, तुझ्या खात्यातल्या दोघांशी गाठ घालून दे, मागच्या तीन महिन्यांच्या स्लिपा घेऊन ये, रविवारी चहाला ये. काम केलं तर तो आला असं धरा, नाही केलं तर चिडू नका, अजून काहीतरी भीती आहे किंवा प्रश्न आहे तो विचारा.

कधीकधी कारण साधंच असतं, तुम्ही मिटिंग संध्याकाळी सहाला ठेवलेली असते आणि करवीर, पन्हाळा, हातकणंगल्याकडनं येणाऱ्या निम्म्या पोरांच्या घरी ती धारा काढायची वेळ असते, डेअरीला दूध घालायचं असतं. मग वेळ बदला ना. आणि कामाच्या वेळेत मशीन सोडून चर्चा करू नका, कारवाईला आयतं कारण मिळतं, चहाची सुट्टी, गाडी लावायची जागा, घरी जाताना एका गाडीवरनं जाणं हे बरं. घरी गेलात तर वहिनींशीपण बोला, नोकरी गेली तर काय ही काळजी त्यांनाच जास्त असते आणि ती खरी असते.

गटतट बाहेर ठेवा

कोल्हापुरात ही चूक सगळ्यात महाग पडते. साखर कारखान्याची निवडणूक, गोकुळ दूध संघाची निवडणूक, गावातला गट, पेठेतली तालीम, प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या बाजूचा असतोच, आणि युनियनचा पहिला विषय काढणारे सगळे एकाच गावचे किंवा एकाच नेत्याचे दिसले की बाकीच्यांना वाटतं हे त्यांचं राजकारण आहे. म्हणून पहिल्या पाचसहा जणांत वेगवेगळ्या खात्यांची, शिफ्टची, गावांची माणसं घ्या, त्यात बाया घ्या. आणि नुसते मित्र घेऊ नका, खात्यात ज्याला सगळे अडीअडचणीला विचारतात तो कोण ते शोधा, तो बहुतेक वेळा कमी बोलणारा असतो.

बिहार, यूपी, ओडिशाची पोरं फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांत, एवढी आहेत आणि आपण त्यांच्याशी बोलतच नाही, "ते ठेकेदाराचे" म्हणून सोडून देतो. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. कंत्राटी कामगारालापण युनियनचा हक्क आहे, आणि ते बाहेर राहिले तर उद्या तुमच्या जागी त्यांनाच उभं करतात. हिंदीत बोला, त्यांच्या खोलीवर जा.

खोटा धीर देऊ नका

"काही होत नाही, मी आहे ना" असं म्हणू नका. त्रास होऊ शकतो हे सांगा आणि कायदा काय म्हणतो तेपण सांगा. संघटना करायचा हक्क घटनेच्या कलम १९ मध्ये आहे. युनियनमध्ये गेला म्हणून धमकावणं, कामावरनं काढणं याला अनुचित कामगार प्रथा म्हणतात. नोंदणीला अर्ज करायला किमान ७ जण लागतात, शिवाय तिथल्या कामगारांपैकी १० टक्के किंवा १०० यातला जो आकडा कमी तेवढे सभासद पाहिजेत. म्हणजे दीडशेच्या कंपनीत पंधरा.

अजून एक, चिडून "उद्या सगळे रजा टाकूया" असं कुणी म्हटलं तर थांबवा. नवीन औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे, तिच्यात ५० टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तो संपच धरला जातो, आणि संपाला किमान १४ दिवस आधी नोटीस लागते. एका दिवसाच्या रागात पोरांची नोकरी धोक्यात घालू नका.

वर्गणी पावतीशिवाय घेऊ नका, पन्नास रुपये असले तरी.

ऑफिसला कळलं तर

कळणारच कधीतरी. फोडलं कुणी ते शोधत बसू नका, त्यात आपल्यातच भांडणं लागतात आणि संशय चुकीच्या माणसावर जातो. केबिनमध्ये बोलावलं तर शांत राहा, कोरा किंवा न वाचलेला कागद सही करू नका, यादीत कोण कोण आहे ते सांगू नका, बाहेर आल्याबरोबर तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, शेजारी कोण होतं ते वहीत लिहा. पुढं कामगार आयुक्त कार्यालयात किंवा वकिलाकडं गेलात तर तीच वही लागते. आणि ज्याला केबिनमध्ये बोलावलं होतं त्याच्या घरी त्याच दिवशी संध्याकाळी दोघंतिघं जा, दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबरच गेटमधनं आत शिरा.

जो आज नाही म्हणालाय त्याच्याशी बोलणं तोडू नका. बोनसच्या वेळी, नाहीतर कुणाचा हात मशीनमध्ये सापडल्यावर तो स्वतःहून विचारायला येतो, तेव्हा "आधी कुठं होतास" म्हणू नका, सभासदाचा फॉर्म द्या.