बोरोहायड्राइडमधून हायड्रोजन काढताय? या चुका टाळा

दरवर्षी नवीन पोरं येतात, कोबाल्ट क्लोराइडमध्ये सोडियम बोरोहायड्राइड ओततात, कोबाल्ट-बोरॉनची काळी पूड खाली बसली की लगेच "सर, रुथेनियमला टक्कर!" (रुथेनियम म्हणजे याच कामाचा महागडा धातू-कॅटॅलिस्ट.) बोरोहायड्राइड आणि पाण्यातून हायड्रोजन झटपट सोडवणारा कॅटॅलिस्ट म्हणून कोबाल्ट-बोरॉन स्वस्त आहे, चालतोही छान, वाद नाही. घोळ सगळा मोजणीत असतो.

मागच्या पावसाळ्यात एकजण उड्या मारत आला, ०.१ ग्रॅम बोरोहायड्राइडमधून २८५ मिली गॅस, म्हणजे निघायला हवा त्याच्या १२० टक्के! हिशोब विचारला तर गॅसच्या एका मोलला २२.४ लिटर धरलेले. अरे बाबा, ते शून्य अंशाला आणि समुद्रसपाटीला. आपलं पुणं साधारण ५६० मीटर वर, इथे दाबच ९५० मिलिबारच्या आसपास, खोलीत ३० अंश, आणि पाण्यावर गोळा केलेल्या गॅसमध्ये चाळीसेक मिलिबार नुसती वाफ. एवढं धरलं की ग्रॅममागे २.३७ च्या जागी २.९ लिटर दिसणारच. पोराचे १२० झाले ९७. चेहरा पडला त्याचा, पण ९७ म्हणजे एवढंच की बाटलीतला माल बरा होता आणि रिअ‍ॅक्शन पूर्ण झाली, कॅटॅलिस्टचं खरं काम किती मिनिटांत झाली त्यात दिसतं. मी भिंतीवरचा बॅरोमीटर बघून वहीत लिहितो, मगच मोजायला बसतो. आणि मोबाईलच्या वेदर ॲपमधला दाब घेऊ नका, तो बहुतेक वेळा समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो, एकाने तेही करून झालंय.

दुसरी चूक उष्णतेची. बोरोहायड्राइडच्या मोलमागे २०० किलोज्यूलच्या वर उष्णता बाहेर पडते. १०० मिलीत एकच ग्रॅम टाकला तरी पाणी बाराएक अंशांनी तापतं, दहा ग्रॅम टाकले तर उकळी फुटते. तरी ग्राफवर लिहिलेलं असतं "३० अंश". पाणी तापलं म्हणून वेग वाढला, कौतुक मात्र कॅटॅलिस्टचं! थर्मोमीटर बाहेरच्या बाथमध्ये नको, द्रावणातच बुडवा, आणि सुरुवातीचाच वेग घ्या. थर्मोकपल तापकीर गल्लीत मिळतो, बहाणे नकोत.

ब्लँक, म्हणजे कॅटॅलिस्टशिवायची मोजणी, घ्याच. कॅटॅलिस्ट न टाकताही बोरोहायड्राइड पाण्यात हळूहळू फुटतं, म्हणून तर द्रावणात कॉस्टिक सोडा घालून ठेवतात.

ताजी काळी पूड गरम ओव्हनमध्ये उघडी वाळवू नका, ऑक्सिडाइज होते, कधी पेटतेसुद्धा. घाई असेल तर चहा पिऊन या, पण व्हॅक्यूममध्येच वाळवा.

कॅटॅलिस्ट एकदा चालला म्हणजे टिकला असं नसतं, पाचव्या खेपेला त्याला मेटाबोरेट (रिअ‍ॅक्शननंतर उरणारा क्षार) चिकटून बसलेलं असतं. धुऊन परत वजन करा.

बोरोहायड्राइडऐवजी अमोनिया बोरेनमधून हायड्रोजन काढणाऱ्यांनी गॅस आधी सौम्य आम्लातून सोडा, नाहीतर त्यातला अमोनिया फ्युएल सेलचं (हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या सेलचं) वाटोळं करतो. आणि गॅस सुटत असताना बूच घट्ट लावलेली बाटली माझ्या टेबलाजवळ आणायची नाही.