ग्लोव्ह्ज घातले की हात खाजतात? आधी घड्याळ बघा

ग्लोव्ह्जमुळे हाताला खाज सुटली की बहुतेक जण दुसऱ्या कंपनीचा खोका आणतात, नाहीतर मेडिकलमधून एखादी ट्यूब आणून चोळतात. दोन्हींच्या आधी करायचं काम सोपं आहे. चार-पाच दिवस एका कागदावर लिहून ठेवा: ग्लोव्ह्ज कधी घातले, कधी काढले, खाज कधी सुरू झाली आणि हाताच्या कोणत्या भागावर. लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाच्या चिकापासून केलेल्या ग्लोव्ह्जचे त्रास तीन प्रकारचे असतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे. त्यातला एक जिवावर बेतू शकतो. म्हणून ग्लोव्ह्ज घातल्यापासून काही मिनिटांतच गांधी उठल्या, शिंका सुरू झाल्या किंवा छातीत घरघर झाली, तर नोंदी करत बसू नका. लॅटेक्स त्याच क्षणी बंद करा आणि थेट तिसऱ्या प्रकाराचा भाग वाचा.

पहिला प्रकार: कातडी सोलवटणं

सगळ्यात जास्त आढळतो तो हा, आणि ही अ‍ॅलर्जी नव्हे. हात कोरडे, खरखरीत होतात, चुरचुरतात. बोटांच्या बेचक्यांत, पेरांवर आणि अंगठीखाली भेगा पडतात. त्रास हळूहळू वाढतो आणि सुट्टीत कमी होतो. कारण रबरापेक्षा आपल्या सवयींत असतं: ओल्या हातावर चढवलेला ग्लोव्ह, बेचक्यात राहिलेला साबण, आत साचलेला घाम, पावडरचं घर्षण. जर्मनीच्या कामगार-सुरक्षा नियमांत दिवसातून 2 तासांहून जास्त वेळ हात ओले राहणं हे कातडीला धोक्याचं काम मानलं आहे. आपल्याकडच्या वॉर्डमधली नर्स किंवा दंतवैद्याची मदतनीस ही मर्यादा सकाळीच ओलांडते.

उपाय असे. हात कोमट पाण्याने धुवा, गरम पाण्याने नाही. बेचक्यांतला साबण निघेपर्यंत धुवा आणि टिपून कोरडे करा, घासू नका. हात दिसायला स्वच्छ असतील तर साबणाऐवजी अल्कोहोलचं सॅनिटायझर 20 ते 30 सेकंद चोळा. ते पूर्ण वाळल्यावरच ग्लोव्ह चढवा. ओल्या सॅनिटायझरवर घातलेला ग्लोव्ह हात भाजल्यासारखी आग करतो आणि लोक त्यालाच अ‍ॅलर्जी समजतात. अंगठी काढून ठेवा. माप बरोबर घ्या. सर्जिकल ग्लोव्ह्ज 6, 6.5, 7 असे अर्ध्या-अर्ध्या मापात मिळतात आणि घट्ट ग्लोव्ह पेरांवर घासतो. घरी भांड्यांसाठी रबरी हातमोजे वापरत असाल तर आत पातळ सुती मोजे घाला आणि घामाने ओले झाले की लगेच बदला.

क्रीमबद्दल एक गोष्ट नेहमी चुकते. पेट्रोलियम जेली, खोबरेल तेल किंवा तेलकट मलम लावून वर लॅटेक्स ग्लोव्ह घातला तर रबर कमकुवत होऊन फाटतं. कामाच्या वेळी पाण्यात मिसळणारं, वास नसलेलं क्रीम लावा आणि ते मुरू द्या. तेलकट मलम रात्री झोपताना लावा.

दुसरा प्रकार: दोन दिवसांनी येणारं पुरळ

इथे घड्याळाचा खरा उपयोग होतो. सोमवारी ग्लोव्ह्ज घातले तर पुरळ मंगळवारी किंवा बुधवारी उठतं. मग बुधवारी वापरलेल्या भांड्यांच्या साबणावर संशय जातो आणि ग्लोव्ह्ज सुटतात. हाताची मागची बाजू आणि मनगट लाल होतं, बारीक पाण्याचे फोड येतात, लस वाहते. ग्लोव्हची कड जिथे संपते तिथे पुरळाचीही रेघ दिसते.

बहुतेक वेळा यामागे रबर पक्कं करताना घातलेली रसायनं असतात: थायुराम, कार्बामेट, मर्कॅप्टोबेन्झोथायाझोल. त्यांना अ‍ॅक्सिलरेटर म्हणतात. लॅटेक्स सोडून नायट्राइल (कृत्रिम रबर) घेतलं तरी पुरळ जात नाही याचं कारण हेच, कारण बऱ्याच नायट्राइल ग्लोव्ह्जमध्येही अ‍ॅक्सिलरेटर असतात. खोक्यावर ‘अ‍ॅक्सिलरेटर-फ्री’ लिहिलेलं नायट्राइल शोधा. व्हिनाइलमध्ये (प्लास्टिकच्या ग्लोव्ह्जमध्ये) ही रसायनं सहसा नसतात, पण ते लवकर फाटतं. रक्त किंवा औषधं हाताळण्यासाठी त्यावर भिस्त ठेवू नका. ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ (अ‍ॅलर्जी कमी करणारे) या शब्दावर तर मुळीच विसंबू नका.

खात्रीसाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे पॅच टेस्ट करा. पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या 48 तास ठेवतात, तेव्हा पाठ भिजवायची नाही आणि घाम येईल असं काम टाळायचं. एक वाचन 48 तासांनी आणि दुसरं साधारण 96 तासांनी होतं. दुसऱ्या वाचनाला जाणं टाळू नका, काही अ‍ॅलर्जी तेव्हाच दिसतात. जाताना तुमच्या नेहमीच्या ग्लोव्ह्जची एक जोडी न्या. तिचा तुकडा आतून आणि बाहेरून अशा दोन्ही बाजूंनी लावून बघता येतो.

डॉक्टरांनी स्टेरॉइडचं मलम दिलं तर मापाने लावा. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली मलमाची रेघ, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, एका हाताला पुढून-मागून पुरते. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या, स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेल्या ट्यूबा कृपा करून लावू नका. खाज दोन दिवस थांबते, पण खाली बुरशी असेल तर ती पसरते आणि तिचं रूप इतकं बदलतं की डॉक्टरांनाही ओळखायला वेळ लागतो.

तिसरा प्रकार: काही मिनिटांत

ही लॅटेक्सची खरी अ‍ॅलर्जी. रबराच्या झाडाच्या चिकातल्या प्रथिनांवर शरीर तुटून पडतं. सहसा 5 ते 30 मिनिटांत खाज, गांधी, पाणावलेले डोळे, शिंका. वाढलं तर धाप, चक्कर, घसा आवळणं. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात एचआयव्हीच्या धास्तीने रुग्णालयांत ग्लोव्ह्जचा वापर प्रचंड वाढला आणि त्यापाठोपाठ ही अ‍ॅलर्जीही. पावडरचे ग्लोव्ह्ज सगळ्यात वाईट: प्रथिनं पावडरीला चिकटून हवेत उडतात, त्यामुळे शेजारच्याने ग्लोव्ह झटकला तरी दम्याच्या माणसाला त्रास होतो. अमेरिकेने वैद्यकीय वापरासाठीच्या पावडरच्या ग्लोव्ह्जवर जानेवारी 2017 पासून बंदी घातली. म्हणून अशा व्यक्तीने स्वतः नायट्राइल घालणं पुरेसं नाही, त्या खोलीतले पावडरचे लॅटेक्स ग्लोव्ह्जही हटवायला हवेत.

एक प्रश्न स्वतःला जरूर विचारा: केळं, पपई, किवी किंवा अ‍ॅव्होकाडो खाल्लं की ओठ किंवा जीभ खाजते का? या फळांतली काही प्रथिनं लॅटेक्ससारखीच असतात. लहानपणापासून अनेक शस्त्रक्रिया झालेल्यांना, विशेषतः स्पायना बायफिडा (जन्मतः मणक्यात राहिलेलं व्यंग) असलेल्या मुलांना, धोका जास्त.

‘अंगावर पित्त उठलं’ म्हणून आमसुलाचं पाणी लावत बसू नका. ग्लोव्ह काढा, हात धुवा. धाप, घसा आवळणं किंवा चक्कर यांपैकी काहीही असेल तर 108 ला फोन करा. रुग्णाला आडवं करून पाय वर ठेवा. श्वास लागत असेल तर बसू द्या. उभं करून चालवू नका. दवाखान्यात असाल तर प्रौढाला अ‍ॅड्रेनॅलिन 0.5 मिलिग्रॅम (1:1000 चं 0.5 मिलि) मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत देतात. अँटिहिस्टामिनची (खाज-शिंकांवर घेतात ती) गोळी त्याची जागा घेत नाही.

या अ‍ॅलर्जीसाठी पॅच टेस्ट उपयोगाची नाही. रक्तातील लॅटेक्सची आयजीई (अ‍ॅलर्जीच्या अँटिबॉडीची) तपासणी किंवा प्रिक टेस्ट (कातडीला बारीक सुई टोचून केलेली) लागते. प्रिकच्या आधी अँटिहिस्टामिन काही दिवस बंद ठेवावं लागतं, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. ग्लोव्हचं बोट कापून घरीच ‘ट्राय’ करू नका.

निदान झालं की दंतवैद्याला, स्त्रीरोगतज्ज्ञांना, प्रत्येक केसपेपरवर ते लिहायला सांगा. फुगे, काही कॅथेटर, रक्त काढताना बांधायचा रबरी पट्टा आणि बहुतेक कंडोम यांतही लॅटेक्स असतं. कंडोम पॉलियुरेथेनचे किंवा पॉलिआयसोप्रीनचे मिळतात. ऑपरेशन ठरलं तर आदल्या दिवशीच भूलतज्ज्ञांशी बोला आणि ऑपरेशन थिएटरमध्ये लॅटेक्स नसलेलं सामान लावून सकाळची पहिली केस म्हणून घ्यायला सांगा, कारण त्या वेळी हवेत लॅटेक्सचे कण सर्वांत कमी असतात.