२जेझेड बांधताय? नागपूरच्या उन्हाळ्यात या चुका टाळा

गाडी जपानहून आलेली आणि आधीच्या मालकाने त्यात २जेझेड-जीटीई (टोयोटाचं सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन) बसवलेलं असेल, तर पहिला संशय ब्लॉकवर घ्या. वरचं हेड आणि टर्बो जीटीईचे, खाली ब्लॉक मात्र बिनटर्बोच्या जीईचा, असा जुगाड होऊ शकतो. बोअर (सिलिंडरचा व्यास) दोन्हींचा ८६ मिमीच, म्हणून लवकर लक्षात येत नाही. पण जीटीईचं मूळ कॉम्प्रेशन ८.५:१, जीईचं १०:१ किंवा त्याहून जास्त. ऑइल चेंबर उतरवा आणि प्रत्येक सिलिंडरच्या तळाशी पिस्टनवर तेल मारणारे जेट आहेत का ते बघा. जीईत ते नसतात. पिस्टनची ऑर्डर त्यानंतरच द्या.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक: तापलेल्या शेडमधलं मोजमाप. क्लिअरन्सचे (पिस्टन आणि बोअरमधल्या फटीचे) आकडे २० अंशांचे असतात आणि मे महिन्यात हिंगणा एमआयडीसीतली पत्र्याची शेड दुपारी सहज ४२ च्या वर जाते. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ब्लॉक आणि पिस्टन दोन्ही ४२ अंशांवर असतील तर ८६ मिमीच्या बोअरमध्ये क्लिअरन्स सुमारे ०.०२ मिमी कमी दिसतो. तिथे ०.०८ साधला की खरा होतो ०.१०, आणि डिसेंबरच्या थंडीत सकाळी पिस्टन खडखडतो. याच्या उलटं जास्त वाईट. ब्लॉक शेडमध्ये तापलेला आणि पिस्टन एसी केबिनमधून आणलेला असेल तर मोजलेला ०.०८ प्रत्यक्षात ०.०६ निघतो. फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) पिस्टन अशाने जाम होतो. म्हणून ब्लॉक, पिस्टन, मायक्रोमीटर आणि बोअर गेज रात्रभर एकाच खोलीत ठेवा आणि पहाटे मोजा. बोअरवाला कुरकुर करेल, करू द्या.

कुलरसमोर इंजिन बांधू नका. दमट हवेने नुकत्याच होन केलेल्या (घासून बारीक रेघा पाडलेल्या) बोअरवर तासाभरात गंज धरू शकतो, वर खसाचे तंतू उडतात ते वेगळेच. होनिंगनंतर गरम पाणी आणि साबणाने ब्रश मारा, लगेच तेल लावा. पांढरं फडकं फिरवल्यावर काळं होत असेल तर पुन्हा धुवा.

रिंग गॅप (पिस्टन रिंगच्या दोन टोकांमधली फट) पिस्टनसोबतच्या कार्डावरून ठरवा. रस्त्यावरच्या टर्बो इंजिनाला वरची रिंग साधारण ०.४० ते ०.४५ मिमी ठेवतात, दुसरी थोडी जास्त. गॅप कमी पडला की गरम रिंगची टोकं भिडतात आणि पिस्टनची लँड (रिंगांच्या खाचांमधली कड) तुटते.

हेडचे कंपनी बोल्ट ३४ न्यूटन-मीटर, मग ९० अंश, पुन्हा ९० अंश. एआरपी या बाहेरच्या कंपनीचे स्टड टाकले असतील तर हे अंश विसरा; स्टडसोबतचा आकडा आणि त्यांचंच ल्युब्रिकंट वापरा. मल्टी-लेयर स्टील गॅस्केट असेल तर हेड आणि ब्लॉक दोन्हींचे पृष्ठभाग गुळगुळीत हवेत. ट्रॅक्टरच्या हेडला चालतं तेवढं फिनिश इथे चालत नाही. ऑइल चेंबरला सिलिकॉन बोटभर फासू नका; आत दाबला गेलेला तुकडा सक्शनच्या जाळीत जाऊन बसतो.

पहिल्या स्टार्टआधी इंजेक्टर आणि कॉइल बंद ठेवून, थांबून थांबून, गेजवर प्रेशर येईपर्यंत क्रँक करा. मिनरल तेल घाला, ५० किमीवर बदला आणि जुना फिल्टर कापून चकाकी बघा. रन-इनला (नवं बांधलेलं इंजिन सुरुवातीला बसवून घेताना) समृद्धीवर सलग १२० ने जाऊ नका. काटोल रोडवर गिअर बदलत, मध्यम भार देत, इंजिन-ब्रेकिंग करत चालवा. रिंगा बसायला भार कमी-जास्त व्हावा लागतो.

निळा धूर आला की लगेच इंजिन उतरवायची घाई नको. धूर फक्त आयडलला असेल तर आधी टर्बोचा तेल-परतीचा पाइप बघा: अरुंद आहे, मुरडलाय, की चेंबरमध्ये तेलाच्या पातळीखाली उघडतोय? मग लीक-डाउन करा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून ती कुठून गळते ते बघा. तेलाच्या झाकणातून हवा आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट.

आणि मॅप, म्हणजे ईसीयूमधला (इंजिनच्या कॉम्प्युटरमधला) इंधनाचा तक्ता. पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. शुद्ध पेट्रोलवर केलेल्या मॅपला त्यावर सुमारे ८ टक्के जास्त इंधन लागतं. फुल बूस्टवर ईसीयू ओ२ सेन्सरकडे बघत नसेल तर इंजिन तेवढं लीन (हवेच्या मानाने कमी इंधनावर) चालतं. ट्यूनरला लॅम्डाच्या (त्या इंधनाच्या आदर्श हवा-इंधन प्रमाणाशी तुलनेच्या) भाषेत बोलायला लावा आणि जुने रबरी फ्युएल पाइप त्याआधीच बदला.