ब्लॉक लांबवायला औषध मिसळताय? या चुका टाळा

थ्रेशरमध्ये किंवा जिनिंगच्या पट्ट्यात हात सापडलेले शेतकरी-मजूर खान्देशातल्या आम्हा भूलतज्ज्ञांना नवे नाहीत. काखेत ब्लॉक दिला, म्हणजे नसेजवळ (मज्जातंतूजवळ) औषध टोचून हात बधिर केला, की ऑपरेशन निभतं. रात्रीचं दुखणं टाळायला, ब्लॉक जास्त तास टिकावा म्हणून, बुपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधात आणखी काही घालावंसं वाटतं, आणि तिथेच घोळ होतात.

न बसलेला ब्लॉक डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने बसत नाही. सुई नसेजवळ नसेल तर काहीही मिसळा, उपयोग शून्य. पुष्कळदा दोष औषधाला दिला जातो, चूक जागेची असते.

डेक्सामेथासोन ४ मिलिग्रॅम पुरतं. ८ घातल्याने वेळ दुप्पट होत नाही. ते शिरेतून दिलं तरी ब्लॉक लांबतो, मग नसेभोवती टोचायचा हट्ट कशाला? शिवाय या वापराला बहुतेक ठिकाणी औपचारिक मान्यता नाही. रोपिव्हाकेन या दुसऱ्या बधिर करणाऱ्या औषधात मिसळलं तर स्फटिक धरू शकतात. सिरिंज उजेडात धरून बघा, गढूळ दिसली तर फेका. मधुमेह असेल तर साखर वाढते, ती तपासत राहा. आणि कुपीवरचं लेबल वाचा: परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) असलेलं औषध नसेजवळ नको. मिडाझोलाम हे गुंगीचं औषध तर नसेजवळ मुळीच नको.

ब्लॉक लांबवायला ॲड्रेनालिनही मिसळतात, त्याचा हिशोब घाईत चुकतो. १ मिलिग्रॅमच्या अँप्युलमधून २० मिलिलिटरमध्ये फक्त ०.१ मिलिलिटर घालायचं. पूर्ण १ मिलिलिटर गेलं तर दहापट! नर्सताईंना मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, त्यात कमीपणा नाही.

तसंच मिसळलं जाणारं डेक्समेडेटोमिडीन हे गुंगीचं औषध ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास दिलं की गुंगी येते, नाडी आणि रक्तदाब उतरतात. मॉनिटर न लावता देऊ नका. भर उन्हात उपाशीपोटी आलेला, अंगातलं पाणी आटलेला माणूस असेल तर आणखी जपा.

मला सगळ्यात महागात पडलेली चूक मात्र वेगळी होती. हात बधिर असतानाच एका काकांना घरी सोडलं. रात्री चुलीजवळ हात भाजला, त्यांना कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "डॉक्टर, हाऊ हात मना शे का?" (हा हात माझाच आहे का?) तेव्हापासून हात झोळीत बांधूनच पाठवतो. किती तास बधिरपणा राहील, चटका-चिमटा कसा टाळायचा हे घरच्यांसमोर सांगतो. आणि हात पूर्ण जागा होण्याआधीच दुखण्याची गोळी घ्यायला लावतो. ब्लॉक उतरतो तेव्हा कळ एकदम उसळते.