रेंज एक दांडी अन् डेटा दुपारीच खतम, मग काय करायचं

आमचं गाव केळापूर तालुक्यात, पांढरकवड्याहून आत, तेलंगणाची बॉर्डर जवळच. इथं फोनचं रडगाणं दोनच, रेंज नाही अन् डेटा पुरत नाही. लोक दोन्ही वेगळं समजतात पण माझ्या मते दुसरं दुखणं अर्धं पहिल्यातूनच येते.

आता हेच पाहा, रोज २ जीबीवाल्या पॅकवर ५जी अनलिमिटेड आहे असं रिचार्जवाला सांगते, अन् ते खोटं नाही, पण फोन ५जीवर असेल तोवरच. तालुक्याला बाजाराच्या दिवशी पोट्टे बसस्टँडवर तासभर रील पाहतात, काही कटत नाही, गावच्या फाट्यावर उतरलं की ४जी लागते अन् तीच सवय घरी चालू राहते, मग जेवायच्या आधीच मेसेज, डेटा संपला, अन् स्पीड ६४ केबीपीएस. मग टॉपअप मारा, परवा परत मारा. एक्स्ट्रा खर्च म्हणतात तो जास्त करून हाच. म्हणून व्हिडिओ लावायच्या आधी वरच्या कोपऱ्यात ५जी लिहून आहे का ४जी ते पाहा. घरात ५जी येऊन-जाऊन करत असेल तर सिमच्या सेटिंगमध्ये प्रेफर्ड नेटवर्क ४जी करून टाका, बॅटरीपण वाचते.

मग डेटा यूसेज उघडून पाहा कोणतं ॲप किती खाऊन राह्यलं. आमच्या घरी व्हॉट्सॲप निघालं, काहून तर लग्नाचा ग्रुप, बचत गटाचा, कापसाच्या भावाचा, शाळेचा, सगळ्यांचे व्हिडिओ आपोआप उतरत होते. मीडिया ऑटो डाउनलोडमध्ये मोबाइल डेटाखालच्या सगळ्या टिका काढा. प्ले स्टोअरचे अपडेट अन् फोटोचा बॅकअप फक्त वायफायवर. यूट्यूब २४० वर ठेवा, फवारणीचा व्हिडिओ तेवढ्यात दिसते.

बॅलन्सच कटत असेल तर ती गोष्ट वेगळी. बाबांच्या फोनमधून दर महिन्याला पैसे जायचे, मी बाबांवरच चिडलो, नंतर समजलं कोणती तरी ट्यूनची सेवा चालू होती, चुकून बटन दाबलं गेलं असंन. अशी सेवा बंद करायला १५५२२३ वर फोन करा, कोणत्याही कंपनीचं सिम असो, नंबर हाच अन् फुकट. बुढ्या माणसाले इंटरनेटच नको असेल तर १९२५ वर इंग्रजीत स्टॉप लिहून मेसेज टाका, डेटा बंद. पैसे परत पायजे असतील तर १९८ वर तक्रार करा अन् डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, लिहून ठेवा, त्याच्याशिवाय पुढं अपील होत नाही.

दोन सिमवाल्यांनी ऑटो डेटा स्विचिंग बंद ठेवावं. एकाची रेंज गेली की फोन गुपचूप दुसऱ्यावर जाते अन् तिकडं पॅक नसला तर बॅलन्स खायची भीती. अन् पाटणबोरीकडं गेलं की कधी कधी फोन तेलंगणाचा टॉवर धरते, वर बारीक इंग्रजी आर, म्हणजे रोमिंग, येते, दांड्या फुल पण नेट बंद. तिथं डेटा रोमिंग चालू करा. लोक पैसे लागतील म्हणून घाबरतात, पण आजकालच्या नेहमीच्या पॅकवर देशातल्या देशात वेगळे पैसे लागत नाहीत.

आता रेंज. दांड्यांवर भरोसा ठेवू नका, अबाउट फोनमध्ये सिम स्टेटस उघडा, तिथं सिग्नल आकड्यात दिसते. उणे ९० च्या आसपास असलं तर मस्त, उणे ११५ झालं की बोलणं तुटणारच. हा आकडा घेऊन घरभर फिरा, टिनाच्या खोलीत अन् बाहेर ओट्यावर लय फरक पडते. लाइट गेल्यावर काही वेळानं रेंजपण जाते ते टॉवरची बॅटरी संपल्यामुळं, त्यात तुमच्या फोनचा दोष नाही, रिस्टार्ट मारत बसू नका. अन् सकाळी पाचला वावरात जाणारे तेव्हाच डाउनलोड करून घेतात, संध्याकाळी सात ते दहा सगळं गाव एकाच टॉवरवर असते.

एवढं करूनही जमत नसेल तर पोर्ट करा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदला, पण दुकानदाराले नाही, शेजाऱ्याले विचारून. त्याचं सिम मागून स्वतःच्या फोनमध्ये टाका अन् घरात, धुऱ्यावर, विहिरीजवळ तोच आकडा पाहा. सिमला ९० दिवस झालेले पायजे, मग इंग्रजीत पोर्ट लिहून आपला नंबर १९०० वर पाठवायचा, कोड येते, तो नव्या कंपनीच्या दुकानात द्यायचा. तो ४ दिवसच चालते, म्हणून तालुक्याला जायच्या आदल्या दिवशीच पाठवा. मेसेज जायलापण रेंज लागते, मी पाण्याच्या टाकीवर चढून पाठवला होता.